पाडव्याच्या रात्रीची ती ‘उल्का’

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळी गुढ्या उतरल्या होत्या, घरोघरी जेवणाची तयारी चालली होती. आठच्या सुमारास माळवा-निमाडपासून खानदेश, विदर्भापर्यंत लोक गच्चीवर आणि रस्त्यावर आकाशाकडे बघत उभे राहिले. पेटत्या ठिणग्यांची एक लांब माळ संथपणे पुढे सरकत होती. मोबाईलवर चित्रफिती फिरू लागल्या आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तिला ‘उल्का’ म्हणून टाकले. नववर्षाचा शकुन मानणारेही होतेच!

ती उल्का नव्हती. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात जळत खाली आला होता, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

खरे तर फरक नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. उल्का सेकंदाला किमान ११ आणि कमाल ७२ किलोमीटर वेगाने येते, त्यामुळे तेजस्वी अग्निगोलाचा खेळ बहुधा काही सेकंदांत आटोपतो. कक्षेतून घसरलेल्या अवशेषाचा वेग आठ किलोमीटरच्या आत असतो, आणि तो जवळजवळ आडवा येत, तुटत तुटत, बराच वेळ दिसत राहतो. त्याच वर्षी १७ ऑगस्टला गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात दियोदरजवळ मात्र खरीखुरी अशनी पडली. ती ‘ऑब्राइट’ या दुर्मीळ जातीची निघाली. भारतात त्या जातीची आधीची नोंद १८५२ सालची, उत्तर प्रदेशातील बस्तीची.

पण नाव चुकले एवढ्यावर हा विषय संपत नाही. अशनीचा जाब कोणाला विचारणार? रॉकेटला मात्र मालक असतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. मेख अशी की, या करारानुसार दावा सरकारने सरकारकडे करायचा असतो. ज्याच्या घरावर कडे पडेल, त्या शेतकऱ्याला तो थेट करता येत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुऊर्जेवर चालणारा ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने साठ लाख डॉलरहून अधिक मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. लाडबोरीत कोणी दगावले नाही, म्हणून चर्चा आठवड्याभरात विरली.

चीनला नावे ठेवून मोकळे होणेही सोपे आहे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठे नळकांडे वाहत आले. ते आपल्याच पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे असण्याची दाट शक्यता तिथल्या अवकाश संस्थेने जाहीर केली.

असे दृश्य पुन्हा दिसले, तर आपल्या मंडळींनी चित्रफितीसोबत वेळ, ठिकाण आणि दिशाही नोंदवावी. काही पडलेले आढळले, तर हात लावू नये. टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात कळवावे.