कुंपणाकडेचे निळे फूल



2012-13 च्या दुष्काळात आपला जालना जिल्हा किती होरपळला, हे कोणी विसरले नसेल. त्या उन्हाळ्यात वस्तीत टँकर आला की आयाबहिणींची हंडे-कळशा घेऊन धावपळ उडायची. आदल्या वर्षी मी हौसेने नर्सरीतून गुलाबाची चार रोपे आणली होती. ती जगावीत म्हणून कार्यालयातून आल्यावर घरातले तांब्याभर पाणी गुपचूप त्यांना घालीत असे. एके दिवशी आईने पाहिले. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, ही कळशी तुझ्या बायकोनं डोक्यावर आणली रं." मला मान वर करता आली नाही. गुलाब तर मे महिन्यात वाळून गेलेच.

पुढच्या पावसाळ्यात कुंपणाकडेच्या मुरमात, जिथे मी कधी थेंबभर पाणी घातले नव्हते, तिथे बारीक निळी फुले दिसली. ती रोपे नवी नव्हती. दरवर्षी तण समजून मीच ती खुरप्याने काढून टाकीत होतो.

हे फूल म्हणजे विष्णुक्रांत. काही जण याला शंखपुष्पीही म्हणतात. फूल शर्टाच्या बटणापेक्षा लहान, निळे, मध्यभागी पांढरट. सकाळी उमलते, दुपारी मिटते. हे रताळ्याच्या कुळातले. त्या कुळातले बरेच वेल दुसऱ्याला वेढे घालून वर चढतात; हे मात्र कोणाचा आधार न घेता जमिनीवर पसरते. पाने लहान, त्यावर मऊ लव, त्यामुळे पाणी कमी उडते. मूळ चिवट असते; वरचा भाग वाळला तरी ओल मिळताच पुन्हा फुटते. मुख्य बहर पावसाळ्यापासून थंडीपर्यंत. थोडी ओल टिकली तर फाल्गुनातही फुले दिसतात.

लावायचे असेल तर रानातले रोप उपटून आणू नका, ते सहसा जगत नाही. वाळलेली तपकिरी बोंडे गोळा करा. एका बोंडात फार तर चार बारीक बिया असतात. मृगाचा पाऊस पडण्याच्या सुमारास बी रात्रभर भिजवून मुरूम किंवा वाळू मिसळलेल्या मातीत वरवर पेरा. काळी चिकण माती असेल तर निम्मी वाळू घाला, कारण साचलेले पाणी याला सोसत नाही. जागा उन्हाची हवी, शेणखत जास्त नको. फुटके घमेले किंवा तळाला भोके पाडलेला तेलाचा डबाही चालतो. रोप रुजेपर्यंत भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी पुरते.

नर्सरीत याच जातकुळीतले मोठ्या निळ्या फुलांचे रोप 'ब्लू डेझ' नावाने मिळते. ते मूळचे ब्राझीलचे. दिसायला सुंदर आहे, पण त्याला पाणी जास्त लागते.

एक इशारा. परीक्षा जवळ आल्या की 'शंखपुष्पीने स्मरणशक्ती वाढते' म्हणून पालक औषधे आणतात. शंखपुष्पी या एकाच नावाखाली विष्णुक्रांत, गोकर्ण आणि आणखी काही निराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून अंगणातला पाला मुलांना वाटून देऊ नका. मुलांना पुरेशी झोप, पोटभर जेवण आणि शांत घर द्या. औषध डॉक्टरांना विचारूनच.

आज आमच्या दाराशी गुलाब नाही. कुंपणाकडेला निळी फुले आहेत. आई गेली, पण सकाळी ती फुले पाहताना तिचे ते वाक्य आठवते. अंगण फुलवण्याची हौस जरूर करावी. फक्त त्यासाठीचे पाणी कोणाच्या डोक्यावरून आले, हे आधी पाहावे. यंदा खुरपे हाती घ्याल तेव्हा कुंपणाकडेला जरा थांबून बघा.