फोर्टनाइट : चौदा रात्रींचा शब्द



'फोर्टनाइट' म्हटलं की आजच्या मुलांना २०१७ साली आलेला गेमच आठवतो. त्यामुळे या शब्दातला 'फोर्ट' म्हणजे किल्ला असं त्यांना वाटतं, आणि स्पेलिंगही गेमचंच लिहिलं जातं. मग आपण काय करतो? 'फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, दहा वेळा लिही.' झालं!

खरं तर हा शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतो. जुन्या इंग्रजीत 'चौदा रात्री' या अर्थाचे दोन शब्द होते. बोलता बोलता ते झिजले, जुळले आणि 'फोर्टनाइट' झाले. तसाच सात रात्रींचा 'सेनाइट', म्हणजे आठवडा. तो आता वापरातून गेला.

पण दिवस सोडून रात्री का मोजायच्या? इंग्रजांचे पूर्वज जर्मेनिक टोळ्यांमधले. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवलंय की हे लोक दिवस नाही, रात्री मोजतात. आपल्या तिथीही चंद्रावरच चालतात, त्यामुळे ही कल्पना मुलांना लगेच पटते.

आता त्या 'नाइट'मधले जी-एच बघा. पूर्वी त्यांचा 'ख'सारखा उच्चार व्हायचा. जर्मन भाषेत रात्रीला आजही 'नाख्ट' म्हणतात. आणि आपल्या संस्कृतातलं 'नक्तम्' त्याच कुळातलं! दिवसभर उपवास करून रात्री जेवायचं ते 'नक्त' व्रत आजीला विचारा, ती सांगेल.

एक काळजी मात्र घ्या. आपल्या पक्षात तिथी १५, पण फोर्टनाइटचे दिवस १४. नुसतं 'पंधरवडा' पाठ केलेलं मूल दोन फोर्टनाइटचे ३० दिवस लिहितं. उत्तर २८ आहे. चूक मुलाची नाही, आपण दिलेल्या अर्धवट अर्थाची आहे.

प्रत्येक शब्दाची कुंडली मांडत बसा, असं माझं म्हणणं नाही. तेवढा वेळ कुणाकडे आहे? पण जो शब्द मुलं सारखा चुकतात, त्याला पाच मिनिटं द्या. जी-एच का आले हे कळलं की ते विसरायची भीती कमी होते, आणि इंग्रजीचीही. दहा वेळा लिहून घेण्यापेक्षा एकदा गोष्ट सांगून बघा.