बटण दाबलं, पण गाडी मुकीच!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आठला हजर व्हायचं होतं आणि हे नेमके फिरतीवर! खाली आले तर गाडीचं दारच उघडेना. किल्लीच्या डबीत एक साधी धातूची किल्ली दडलेली असते, ती काढून दार उघडलं. भोंगा बोंबलू लागला. बटण दाबलं, तर समोर अक्षरं उमटली, 'किल्ली सापडत नाही'. आणि किल्ली तर माझ्या हातात!

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, पुढच्या महिन्यात बघू." त्यांना मनातून तेच हवं होतं! पण ही तारीख मिळवायला मी किती खेटे घातले होते!

मग गाडीची पुस्तिका उघडली. ब्रेक घट्ट दाबून धरला, डबी बटणालाच टेकवली आणि बटण दाबलं. झालं, गाडी सुरू! डबीतला सेल संपला होता. पण आतल्या चिपला सेल लागत नाही, अगदी जवळ नेली की गाडीच तिला शक्ती पुरवते. काही गाड्यांत डबी टेकवायची जागा वेगळी असते, ती आजच पाहून ठेवा.

अशा वेळी घाबरून न जाता क्रमाने पाहावं:

१. ब्रेक पूर्ण दाबलाय ना? गिअर 'पी'वर आहे ना? हाताने गिअर टाकायचे असतील तर क्लचही दाबा. ब्रेक दाबूनही मागचे लाल दिवे लागत नसतील तर ब्रेकच्या स्विचची शंका घ्यावी.

२. स्टिअरिंग अडकलं असेल तर ते डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा.

३. दिवे मंद आणि नुसती टिकटिक? म्हणजे गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली. मुलांनी आतला दिवा रात्रभर चालू ठेवला असेल! जाणकाराकडून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून घ्या.

४. इंजिन घुरघुरतं पण पेटत नाही? आधी पेट्रोल पाहा. असेल तर मेकॅनिकला बोलवा, उगाच बटण दाबत बसून बॅटरी संपवू नका.

डबीत बहुधा सीआर २०३२ हा चपटा सेल असतो. तरी जुन्यावरचा क्रमांक वाचूनच नवा आणावा. आणि हो, हे सेल लहान मुलांपासून दूर, उंचावर ठेवा. गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

आम्ही आठला दहा मिनिटं असताना पोचलो. आता सासूबाई चष्म्याशिवाय समोरच्या घरातलं घड्याळ वाचतात आणि मला शाळेला उशीर झाला की वेळही सांगतात!