पाच बाय तीनचे कार्ड

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत ४१२ पुस्तके आहेत. कुणी दान दिली, कुणी रद्दीवाल्याकडून सोडवून आणली, काही वर्गणीतून घेतली. त्यांची नोंद एका लांबलचक रजिस्टरमध्ये होती, आणि ते रजिस्टर गेल्या पावसाळ्यात भिजले. छपराची गळती नेमकी टेबलावरच! शाई फुटली, पाने एकमेकांना चिकटली. तेव्हापासून कुणी पुस्तक मागितले की चारही कपाटे उपसायची. नर्सिंगची परीक्षा देणारी वस्तीतलीच एक मुलगी दोनदा रिकाम्या हाताने परत गेली. तिला हवे होते ते पुस्तक तिसऱ्या कपाटात मागच्या रांगेत पडले होते. सापडले तेव्हा तिची परीक्षा होऊन गेली होती.

म्हणून प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड करायचे ठरले. बैठकीत एका तरुणाने विचारले, "काका, आता कार्डे कोण करतो? मोबाईलवर टाका की." त्याचे अगदीच चुकले नाही. अमेरिकेत ओसीएलसी नावाची संस्था १९७१ पासून ग्रंथालयांना कार्डे छापून देत होती, तिनेही २०१५ साली ते काम बंद केले. पण आमच्या अभ्यासिकेत संगणक नाही आणि ज्याच्या मोबाईलमध्ये यादी असेल तो रात्री आठपर्यंत ड्युटीवर! खोक्यातले कार्ड सातवीतले पोरगेही काढून बघू शकते, वीज असो वा नसो. शिवाय ही पद्धत आपल्याला परकी नाही. ज्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, त्यांनीच १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली होती. ग्रंथालयाचे कार्ड म्हणजे साडेबारा सेंटिमीटर बाय साडेसात. दुकानात त्यालाच पाच बाय तीन इंची म्हणतात.

घरी धाकटीच्या कॉलेजसाठी हप्त्यावर घेतलेला शाईचा प्रिंटर आहे. ती म्हणाली, "पप्पा, आठवडाभरात छापून देते." मी कोऱ्या कार्डांची पाच पुडकी आणली. पैसे वर्गणीचे, पावती फाईलला लावली.

पहिले कार्ड तिरके आले. दुसऱ्यावर पुस्तकाचे नाव अर्धेच, उरलेले अर्धे प्रिंटरच्या पोटात. तिसरे आत गेले ते गेलेच, दिवा लाल. पोरीने कार्ड आडवे घालून पाहिले, उभे घालून पाहिले, मागून घातले, पुढून घातले. रात्री अकरापर्यंत तीस-पस्तीस कार्डे फुकट गेली. मी कामावरून दमून आलो होतो. बोलू नये ते बोलून गेलो. "तुला जमत नव्हते तर हो का म्हणालीस? लोकांचा पैसा आहे." ती काही बोलली नाही. फसलेली कार्डे गोळा करून तिने दप्तरात ठेवली, पाठकोऱ्या बाजूवर अभ्यासाचे लिहायला. सौ. मला म्हणाली, "आधी मशीनचे पुस्तक तरी वाचा."

दुसऱ्या दिवशी रविवार. वाचले.

शेवटच्या पानांत बारीक अक्षरात लिहिले होते, की या यंत्रात चालणारा लहानात लहान कागद ८९ बाय १२७ मिलिमीटर. आमचे कार्ड ७६ बाय १२७. अर्धा इंच कमी! रुंदी कमी पडली की कडेची सरकपट्टी कार्डापर्यंत पोचत नाही. कार्डाला दोन्ही बाजूंनी आधार मिळत नाही आणि ते तिरके ओढले जाते. आडवे घातले तर निराळीच अडचण. आत रबरी रूळ असतात. पहिला रूळ कागद ढकलतो, दुसऱ्याने तो धरला की पहिला सोडतो. त्या दोन रुळांमधले अंतर तीन इंचांच्या कार्डापेक्षा जास्त असले, तर पहिल्याने सोडले आणि दुसऱ्याने धरलेच नाही अशी गत होते. संगणकावर कितीही सेटिंग बदला, रूळ काही जवळ सरकत नाहीत. जाडी हा आणखी एक घोळ. साधा कागद ७०-८० जीएसएमचा, कार्ड त्याच्या दुपटीहून जाड. पुढच्या ट्रेमधला कागद आत पूर्ण वळसा घेऊन बाहेर येतो. जाड कार्ड तेवढे वळत नाही, म्हणून अडकते.

म्हणजे पोरीचे काहीच चुकले नव्हते. मी बी.कॉम., वीस वर्षे कारकुनी केलेला माणूस, कागद न वाचता तिच्यावर शेरा मारला होता. ती भाजी निवडत बसली होती, तिच्याजवळ जाऊन तसे सांगितले. "जाऊ द्या पप्पा," म्हणाली. पण थोड्या वेळाने स्वतःच प्रिंटरपाशी येऊन बसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग उपाय सोपा निघाला. लहान कार्डावर छापायचेच नाही. ए-फोर आकाराची कार्डशीट घ्यायची, एका शीटवर चार कार्डे छापायची आणि नंतर कापायची. शीट २१० बाय २९७ मिलिमीटरची. ७५ बाय १२५ ची चार कार्डे त्यात उभी बसतात आणि चहूबाजूंनी दोन सेंटिमीटरहून जास्त जागा उरते. (धाकटीने उभी-आडवी मिळून पाचही बसवून दाखवली. पण कापताना दोन रांगांची मापे वेगळी येतात आणि गोंधळ होतो. चारच बरी.) शीट मागच्या ट्रेमध्ये एकेक घालायची, तिथून ती जवळजवळ सरळ जाते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाड कागद निवडायचा. गुळगुळीत चकचकीत शीट घेऊ नका. बोट लागले की शाई पसरते.

छापण्याआधी एक प्रत साध्या कागदावर काढून पट्टीने मोजा. आमची चौकट १२५ ऐवजी १२० भरली. कारण संगणक आपल्या मनाने पान लहान करून बसवत होता. तिथे 'मूळ आकार' अशा अर्थाचा पर्याय निवडला तेव्हा माप बरोबर आले. मराठी अक्षरे दुसऱ्या संगणकावर बदलू नयेत म्हणून फाईल पीडीएफ करून ठेवली.

आता माझ्या कारकुनीचा उपयोग. पहिल्या शीटवर १, २, ३, ४ अशी कार्डे घेतली, तर गठ्ठा कापल्यावर चार ढीग होतात आणि ४१२ कार्डे पुन्हा हाताने क्रमाने लावावी लागतात. तसे करू नका. ४१२ ला चाराने भागले की १०३ शीट. पहिल्या शीटवर १, १०४, २०७ आणि ३१० हे क्रमांक घ्यायचे; दुसऱ्यावर २, १०५, २०८ आणि ३११. गठ्ठा कापला की पहिल्या ढिगात १ ते १०३ ओळीने, दुसऱ्यात १०४ ते २०६. चारही ढीग एकापुढे एक ठेवले की काम झाले! हे पोरीला दाखवले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "पप्पा, हे कॉलेजात नाही शिकवत."

कापायला नाक्यावरच्या बाइंडरकडे गेलो. मोठ्या मशीनवर त्याने वीस-वीस शीटचे गठ्ठे दहा मिनिटांत कापले. अभ्यासिकेचे काम म्हटल्यावर पैसे घेईना. मी आग्रहाने दिले आणि पावती घेतली.

बुटांच्या चार खोक्यांत कार्डे उभी लावली आहेत. विकत आणलेली कोरी कार्डे साडेचारशेहून जास्त शिल्लक होती, त्यांचे काय, असे बैठकीत कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकले. नवीन येणाऱ्या पुस्तकांची कार्डे आता त्यांच्यावर हाताने लिहितो. नर्सिंगवाल्या त्या मुलीचे अक्षर सुरेख आहे. पुढच्या परीक्षेचे पुस्तक घेऊन गेली त्या दिवशी जाताजाता अकरा कार्डे लिहून गेली.