सशाला उपाशी ठेवू नका

ऑपरेशन म्हटले की आदल्या रात्रीपासून खाणे बंद, हा नियम आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. माणसाच्या बाबतीत तो योग्यच आहे. भुलीत उलटी होऊन पोटातले अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. म्हणून ऑपरेशनपूर्वी साधारण सहा तास अन्न आणि दोन तास पाणी बंद ठेवतात. कुत्र्यामांजरांनाही काही तास उपाशी ठेवायला सांगतात. पण घरातल्या सशाला हाच नियम लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

ससा उलटी करूच शकत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू फार घट्ट असतो. त्यामुळे उपाशी ठेवण्याचे मूळ कारणच उरत नाही. उलट, त्याचे आतडे हलते राहण्यासाठी पोटात सतत तंतुमय चारा जावा लागतो. चारा थांबला की आतडे मंदावते, गॅस साठतो, पोट दुखते आणि दुखते म्हणून ससा आणखी खात नाही. हे चक्र वेळेत तोडले नाही, तर एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, तर सशांत १.३९ टक्के आढळले. यातले बहुतेक ससे टेबलावर नव्हे, तर ऑपरेशननंतर दगावले. म्हणजे सर्जनचे काम संपल्यावर घरच्यांचे काम सुरू होते.

मग इतका धोका पत्करून मादीची नसबंदी करायचीच कशाला? पहिले कारण संख्येचे. मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते, महिनाभरात विते आणि विल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. काही जातींत निम्म्याहून अधिक माद्यांना तो होतो. स्त्रियांच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेत फक्त गर्भनलिका बंद करतात. सशाच्या मादीत बीजांडकोष आणि बहुधा गर्भाशयही काढतात, म्हणून हा कर्करोग टळतो. बैल खच्ची करणे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही, पण ते काम पोट न उघडता होते. इथे पोट उघडावे लागते, त्यामुळे हे ऑपरेशन किरकोळ समजू नये.

पूर्वतयारी साधी आहे. सशावर भूल देण्याचा अनुभव आहे का, हे पशुवैद्यकांना आधी स्पष्ट विचारा. वय साधारण सहा महिन्यांचे असावे आणि ससा नाक न गळणारा, नीट खाणारा असावा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि सशाला उष्णता अजिबात सोसत नाही. म्हणून घाई नसेल तर हिवाळा निवडा. ऑपरेशनच्या सकाळपर्यंत चारा-पाणी समोर ठेवा. रोजचे गवत आणि आवडीची कोथिंबीर दवाखान्यात सोबत न्या. शुद्धीवर आल्यावर ओळखीच्या वासाचे अन्न तो लवकर तोंडात घेतो. त्याला कान धरून उचलू नका. मागच्या पायांना आधार दिला नाही, तर झटापटीत त्याचा कणा मोडू शकतो.

घरी आणल्यावर शांत, कोरडी, उबदार जागा द्या. खाली भुसा न टाकता स्वच्छ कापड अंथरा. काही तासांत त्याने तोंड हलवायला हवे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लेंड्या दिसायला हव्यात. लेंड्या मोजणे हास्यास्पद वाटेल, पण आतडे चालू असल्याची तीच खूण आहे. बारा तास काहीच खाल्ले नाही, ससा कुबड काढून बसला, दात करकर वाजवू लागला किंवा टाका उसवला, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांना फोन करा. त्यांनी सांगितल्यास सिरिंजने पातळ खाद्य भरवावे लागते, ते आधीच शिकून घ्या. जखम दिवसातून दोनदा पाहा, तिच्यावर हळद किंवा घरातले मलम लावू नका. आठ-दहा दिवस उड्या आणि आंघोळ दोन्ही बंद.

आता माणसांच्या डॉक्टरने सशावर का लिहावे, याचे उत्तर. घरातल्या डब्यातली गोळी सशाच्या तोंडात जाते, ती आमच्याच चिठ्ठीवर आणलेली असते. ॲमॉक्सिसिलीन, ॲम्पिसिलीन, क्लिंडामायसिन ही आपली नेहमीची औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि ससा जुलाबाने मरतो. शेतकऱ्याला फवारणीची विषबाधा झाली की आम्ही ॲट्रोपीन देतो. अनेक सशांच्या रक्तात तेच औषध झपाट्याने मोडणारे एन्झाइम असते. ससा म्हणजे लहान माणूस नव्हे आणि लहान कुत्राही नव्हे. त्याची वेदना शमवणे अत्यावश्यक आहे, पण औषध आणि मात्रा पशुवैद्यकांनीच ठरवावी. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात सापडला, तेव्हा माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर एकमेकांना विचारून चालले पाहिजेत हा धडा जिल्ह्याने घेतला आहे. तो घरातल्या सशालाही लागू आहे.

जिल्ह्यातले पशुवैद्यकीय दवाखाने गाई, बैल आणि शेळ्यांत गुंतलेले असतात आणि ते योग्यही आहे. तरी हिवाळ्यात महिन्यातून एक दिवस लहान पाळीव प्राण्यांसाठी राखून ठेवणे पशुसंवर्धन विभागाला जड जाऊ नये. ससे विकणाऱ्या दुकानदारानेही नर-मादी खात्रीने सांगून, चारा आणि नसबंदी यांची माहिती लेखी द्यावी.

अनुभवी पशुवैद्यक मिळेपर्यंत नर आणि मादी वेगळे ठेवा, किंवा नराची नसबंदी करा. ती तुलनेने सोपी असते. मात्र त्यानंतरही त्याला सहा आठवडे मादीपासून दूर ठेवा, तोवर पिल्ले होऊ शकतात. आणि ऑपरेशन कोणाचेही असो, ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असे कोणी सांगितले, तर एकदा विचारा: हे सशासाठी सांगताय ना?