दोन अंमल

मराठीत 'अंमल' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, कायद्याची अंमलबजावणी ह्यांतला अंमल सत्तेचा. भांगेचा अंमल चढला, अंमली पदार्थ ह्यांतला अंमल नशेचा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता 'काम' किंवा 'कृती' असा आहे. मराठीत आल्यावर त्याने ही दोन घरे केली. गांजाच्या कायद्याविषयी लिहिताना हा शब्द मला टाळता येत नाही, कारण ह्या विषयात गेली चाळीस वर्षे आपल्यावर जो अंमल आहे तो गांजाचा कमी आणि कायद्याचा अधिक आहे, असे माझे मत झाले आहे. हे मत साहित्याच्या अभ्यासकांपुढे कशासाठी मांडायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे.

मी सांगवीत राहतो. मुळा आणि पवना ह्या नद्यांमधले हे जुने गाव आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग आहे. माझा एक माजी विद्यार्थी कला शाखेचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून चाकणकडे कंत्राटी कामगार म्हणून लागला. रात्रपाळी संपवून परतताना एकदा त्याच्या खिशात गांजाची पुडी सापडली. पुढचे सारे रीतसर झाले. वकिलाची फी दंडाहून जास्त, म्हणून त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि प्रकरण मिटले असे समजून तो कामावर गेला. काही महिन्यांनी ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, आणि दाखल्यात ती पुडी पुन्हा वर आली. नोकरी गेली. चौकी कोणती आणि कारखाना कोणता, हे येथे महत्त्वाचे नाही. दुसऱ्या चौकीत आणि दुसऱ्या कारखान्यात ह्याहून वेगळे काही झाले नसते.

त्याने मला प्रथम खबरीची प्रत आणून दाखवली. तिच्यातले गद्य वाचण्यासारखे आहे. एक 'इसम' 'संशयास्पदरीत्या' उभा असतो. त्याची 'अंगझडती' घेतली जाते. मग त्याच्या 'ताब्यात' 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा' पदार्थ 'मिळून येतो'. ह्या 'मिळून येतो'मध्ये शोधणारा कोणी नाही. पदार्थ आपणहून प्रकट होतो. उभे राहण्याची कोणती रीत संशयास्पद आणि कोणती निःसंशय, हेही मजकुरात कोठे नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्या ह्याच साच्यातून निघतात: गोपनीय माहिती, सापळा, झडती, जप्ती. मराठीच्या प्राध्यापकांनी ह्या गद्याकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहायला हरकत नाही. त्याचा वाचकवर्ग आपल्या सगळ्या लेखकांच्या एकत्रित वाचकवर्गाहून मोठा आहे.

हे गद्य ज्या कायद्यातून निघते त्याचे मराठी नाव 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५'. ऑगस्टच्या अखेरीस संसदेत मांडलेल्या विधेयकाला १६ सप्टेंबर १९८५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून ते लागू झाले. २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार शिक्षा ठरल्या. एक किलोपर्यंतचा गांजा हे 'अल्प प्रमाण'. त्याला आज एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या पुढे 'व्यापारी प्रमाण'. त्याला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. नुसते सेवन हाही कलम २७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ६४-अ मध्ये एक दार उघडे ठेवले आहे: व्यसनी मनुष्य आपण होऊन उपचार घ्यायला तयार असेल तर अल्प प्रमाणाच्या प्रकरणात त्याच्यावरील खटला टळू शकतो. माझ्या विद्यार्थ्याला हे दार कोणी दाखवले नाही. दाखवले असते तरी त्यातून जाण्यासाठी त्याला स्वतःला 'व्यसनी' म्हणवून घ्यावे लागले असते, आणि तो व्यसनी नव्हता. रात्रपाळीनंतर कधीतरी चार मित्रांत बसणारा तो एक तरुण होता.

आपल्या भाषेला ह्या वनस्पतीची भीती नव्हती आणि तिचे कौतुकही फारसे नव्हते. तिला भेद कळत होता. पानांची भांग, फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस, अशी एकाच झाडाची तीन नावे तीन वेगवेगळ्या तीव्रतांसाठी आहेत. 'भांगेत तुळस' ही म्हण वाईट कुळात निपजलेल्या चांगल्या माणसाविषयी आहे, आणि 'तुळशीत भांग' ही तिची उलट बाजू. दोन्हींत भांगेला कमी लेखले आहे, पण दोन्हींत ती परसातच उगवते. 'गांजेकस' हा शब्द हेटाळणीचा आहे. तो कोणाला तुरुंगात पाठवत नाही. समाजाने नापसंती दाखवण्याची ही जुनी रीत होती, आणि ती बऱ्यापैकी चालत होती.

परक्या सरकारलाही हा भेद समजून घ्यावासा वाटला. १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने ११९३ साक्षीदार तपासले. मुंबई इलाख्यात तेव्हा गांजाची दुकाने परवान्याने चालत आणि नगर जिल्हा लागवडीसाठी ओळखला जाई. कमिशनच्या अहवालाला जोडलेल्या टिपणांपैकी दोन आपल्या कामाची आहेत. संस्कृत आणि हिंदी वाङ्मयातील भांगेच्या उल्लेखांवरचे टिपण जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांचे, म्हणजे पुढे भारतातील भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनचे. भांगेच्या धार्मिक स्थानावरचे टिपण जेम्स कॅम्बेल ह्यांचे, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक कॅम्बेल ह्यांचे. कायदा करण्यापूर्वी वाङ्मय काय म्हणते हे विचारणे त्या सरकारला आवश्यक वाटले होते. त्यात महसुलाचा स्वार्थ होता, हे मला मान्य आहे. परंतु १८९४ चा निष्कर्ष असा होता की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी आवश्यक नाही व हिताचीही नाही. १९८५ मध्ये आपल्या संसदेने एवढेही विचारले नाही.

विचारायला सवड नव्हती, कारण दडपण बाहेरचे होते. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने पानांपुरती सूट मिळवली होती. म्हणूनच १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येतून भांग सुटली. गांजाचा वैद्यकेतर वापर मात्र करारानुसार पंचवीस वर्षांत संपवायचा होता. तो संपला नाही, गुन्हा झाला. आपल्या महाराष्ट्रात तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखाली भांगेलाही परवाना लागतो. गंमत अशी की त्याच अधिनियमाखाली दारू पिण्यालाही परवाना लागतो. परवाना खिशात ठेवून किती प्राध्यापक परिसंवादानंतरच्या मैफलीत बसतात, हे वाचकांनी आपल्याशीच आठवावे. आपल्याला कोणी 'इसम' म्हणत नाही. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी प्रत्येक गावात आहे, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले लोक ५.७ कोटी आहेत, भांग-गांजा-चरसासाठी ७२ लाख. नुकसानीच्या मापाने कायदा केला असता तर तो असा झाला नसता.

तो कोणावर चालतो हेही पाहावे. मुंबईतील न्यायदंडाधिकाऱ्यांकडील ह्या कायद्याखालच्या प्रकरणांचा 'विधी' ह्या संस्थेने अभ्यास केला. त्यात दिसले ते असे, की बहुतेक प्रकरणे सेवनाची, सेवनातली बहुतेक गांजाची, आणि आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होणारे. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका नटाच्या मुलाला अटक झाली तेव्हा देशातले नामांकित वकील उच्च न्यायालयात उभे राहिले, आणि मे २०२२ मध्ये आरोपपत्रात त्याचे नाव आले नाही. ते योग्यच झाले. पण त्या पंचवीस-सव्वीस दिवसांत आपण कायद्याच्या अन्यायावर जेवढे बोललो, तेवढे कबुलीच्या रांगेत उभ्या असलेल्यांविषयी ना त्यापूर्वी बोललो होतो, ना नंतर.

शेतकऱ्याची गोष्ट आणखी विचित्र आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी. अर्ज पोलिसांकडे गेला आणि प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार ठरला. वस्तुतः कायद्याच्या कलम १० मध्ये राज्य सरकारला लागवडीस परवानगी देण्याचे अधिकार आहेत. कलम १४ तंतू आणि बियांच्या लागवडीला वाट देते, आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये ती वापरली. परवान्याविना एक झाड लावले तरी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तेथे अल्प प्रमाण नाही. जप्त केलेल्या एक किलो गांजाला एक वर्ष आणि परसातल्या एका झाडाला दहा, हा हिशेब कोणत्या नीतिशास्त्रात बसतो?

ह्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की गांजा निरुपद्रवी नाही. मान्य. कोवळ्या वयात, नित्य आणि भरपूर घेतल्यास तो मनोविकारांना वाट करून देतो, हे वैद्यकाने दाखवले आहे. बंडखोरीचे अलंकार म्हणून चिलमीकडे पाहणाऱ्या वाङ्मयीन हौसेविषयी मला प्रेम नाही. पण आजाराला उत्तर दवाखान्यात असते, आणि हे महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. कायदा १९८५ चा; त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिल अवचट ह्यांनी गर्दच्या विळख्यातल्या तरुणांविषयी लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांनी ते वाचून मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचट ह्यांनी केंद्र उभे केले. एकाच भीतीला दिलेली ही दोन उत्तरे आहेत. एकाने इसम पाहिला, दुसऱ्याने माणूस. दुसरे उत्तर मराठी गद्यातून निघाले, हे आपण विसरलो आहोत.

दुसरा आक्षेप थायलंडचा. तेथे ९ जून २०२२ रोजी गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून वगळला, सुमारे तीन हजार कैदी सुटले, आणि तीन वर्षांत पश्चात्ताप होऊन जून २०२५ मध्ये गांजाचा फुलोरा वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. तेव्हा आपण त्या वाटेला जाऊ नये, असे सांगतात. हा दाखला अर्धा वाचला जातो. थायलंडने यादीतून नाव काढले, पण त्या जागी येणारा कायदा त्यांच्या संसदेत अडकून पडला. नियमांआधी दुकाने उघडली आणि हजारोंच्या संख्येने उघडली. चूक कैदी सोडण्यात नव्हती. व्यापाराला मोकळे सोडण्यात होती. मी ज्यासाठी भांडतो आहे त्यात दुकाने नाहीतच. आणि धडा घ्यायचा तर २०२५ चा फेरविचारही पुरा वाचावा: विक्रीवर बंधने आली, पण जुना तुरुंगाचा काळ जसाच्या तसा परत आणलेला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. गांजाचे सेवन आणि अल्प प्रमाणात बाळगणे ह्यांना गुन्ह्याच्या कक्षेतून काढावे. व्यसन असेल तर उपचार द्यावा, पण त्यासाठी आधी आरोपी होण्याची अट नसावी. जुन्या पुडीचा उल्लेख चारित्र्याच्या दाखल्यात येऊ नये. लागवडीबाबत कलम १० आणि १४ चे अधिकार राज्याने अभ्यास करून वापरावेत, आणि नियम आधी करावेत. ह्यात क्रांतिकारक काही नाही. २०१६ मध्ये पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी ह्यांनी खासगी विधेयक पुढे आणले होते. २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानेही सेवन करणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचार द्यावेत असे सुचवल्याचे प्रसिद्ध झाले. आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. परदेशात दिलेले हे मत अद्याप सांगवीपर्यंत आलेले नाही.

साहित्याच्या शिक्षकांनी ह्यात काय करावे? मी वर्गात प्रथम खबरीची एक प्रत नावे झाकून वाचायला देणार आहे. कर्ता कोठे नाहीसा होतो, विशेषणे कोणाला लागतात, कोणाचे म्हणणे अवतरणात येते आणि कोणाचे येतच नाही, एवढे तरी विद्यार्थ्यांना सांगता आले पाहिजे. कवितेच्या तासाला आपण हेच शिकवतो.

तो तरुण आता एका टेम्पोवर आहे. प्रत परत नेताना त्याने विचारले होते, "सर, माझं नाव ह्यात एकदाच आलंय. बाकी सगळीकडे इसमच का?" त्याला द्यायला माझ्याकडे व्याकरणातले उत्तर होते. ते मी दिले नाही.