आईचं मनगट आणि आपलं मशीन डिझाइन

दिवाळीला अमळनेरजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा आईची करंगळी सरळ होत नव्हती. दुखत नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मनगटाची सूज तर जुनीच. "वात आहे, थंडीत व्हायचंच," एवढंच सगळे म्हणत. आई म्हणाली, "मना हात आते कामना ऱ्हायना नही."

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आमवात आहे आणि करंगळी सरळ करणारी कंडरा तुटली आहे. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उठते. सुजलेलं अस्तर कूर्चा आणि हाड खातं. करंगळीच्या बाजूचं हाड मनगटाशी वर उचललं जातं आणि त्याच्या खरबरीत कडेवर कंडरा घासत राहते. मित्रांनो, धारेवर घासणारा दोर तुटणारच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! करंगळीनंतर पाळी अनामिकेची. म्हणून ऑपरेशन लांबवायचं नाही. झिजलेली टोकं नुसती शिवून चालत नाहीत. तुटलेली कंडरा शेजारच्या चांगल्या कंडरेला जोडतात आणि हाडाचं ते टोक काढतात.

प्रश्न उरला खिळखिळ्या मनगटाचा. कृत्रिम सांधा की प्लेट लावून मनगट जाम करायचं? मी मेकॅनिकलवाला, लगेच म्हणालो, "जॉइंट आहे तर हलला पाहिजे." बर्लिनच्या ग्लुकने १८९० मध्येच हस्तिदंताचा मनगटाचा सांधा बसवला होता, हे मी वाचलेलं. डॉक्टरांनी मला उत्तरच दिलं नाही. आईला विचारलं, "ताई, दिवसभर या हातानं काय काय करता?" कापूस वेचणं, पाण्याची बादली, भाकरी. मग ते म्हणाले, कृत्रिम सांध्याला जड काम सोसत नाही, तो ढिला होतो. जाम केलेलं मनगट वाकत नाही, पण दुखत नाही आणि भार घेतं. बोटं हलतात, पळी उलथायला हात फिरतोही.

आईने जाम करून घेतलं. आता ती बादली उचलते. भाकरी मनगटातून नाही, खांद्यातून थापते. जरा जाड होते, एवढंच.

माझं मत स्पष्ट आहे. डिझाइन आधी लोड विचारतं, मग पार्ट निवडतं. पेशंटच्या बाबतीत आपण हे विसरतो आणि भारीतला पार्ट मागतो. ज्याचे हात शिवणकाम करतात, त्याचं उत्तर वेगळं असेल. दोन्ही मनगटं गेली असतील, तर एक तरी हलतं ठेवायचा विचार होतो.

आणि चूक आमचीच. वेळेत औषध सुरू झालं असतं, तर कदाचित ऑपरेशनची वेळच आली नसती. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावलाही २०१८ पासून आहे. लांबचं निमित्त नाही. या सुट्टीत घरी गेलात, की डब्याआधी आईचे हात बघा. सकाळी बोटं आखडतात का, मनगट सुजलंय का, एवढं विचारा. सबमिशन एक दिवस उशिरा दिलं तर चालतं, हे नाही चालत.